रिकामपणाचे शब्द : प्रस्तावना

इंग्रजीतील ‘आयडल’ हा शब्द डोंबिवलीत शब्दकोशाच्या वाटेने आला नाही. एकोणीसशे साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने गावाच्या पूर्वेस कारखान्यांची वसाहत वसवली, तेव्हा तो तिच्या फाटकातून आत शिरला, हजेरीपटाच्या एका रकान्यात स्थिरावला, आणि पाळी सुटल्यावर कामगारांबरोबर चाळींत व सोसायट्यांत राहावयास गेला. प्रस्तुत संग्रहाचे कर्ते अशाच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चाकरीस होते. यंत्र आहे पण माल आलेला नाही, माल आला तर वीज गेली, वीज आली तर फिटर दुसऱ्या खात्यात अडकून पडला, अशा प्रत्येक प्रसंगी रोजच्या अहवालात त्यांना हा शब्द लिहावा लागे. आणि ज्या यंत्रापुढे तो लिहिला जाई त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसापुढेही तोच लिहिला जाई. यंत्राला त्याचे काही वाटण्याचा प्रश्न नव्हता. माणसाला वाटे, आणि त्यावरून सुपरवायझरशी ज्या हुज्जती होत त्या ऐकता ऐकता आमच्या या स्नेह्यांना शब्दांचा नाद लागला. सेवानिवृत्तीनंतर, काम न करण्याच्या अवस्थेस मराठीत जे जे म्हणतात ते ते त्यांनी टिपून ठेवण्यास आरंभ केला. त्या टिपणवह्यांतून हा संग्रह सिद्ध झाला आहे, आणि त्याच्या आरंभी चार शब्द लिहिण्याचे काम, मी स्वतः बराच रिकामा असतो अशा समजुतीने, त्यांनी मजकडे सोपवले आहे.

मूळ इंग्रजी शब्दापासून निघणे सोयीचे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘ईडेल’ अशा रूपात आढळतो, आणि त्याचा मूळचा अर्थ आळशी असा नसून रिता, पोकळ असा आहे. बायबलातील सृष्ट्युत्पत्तीच्या कथेचे जुन्या इंग्रजीत रूपांतर करणाऱ्या एल्फ्रिक नावाच्या मठवासी पंडिताने, आरंभी शून्यवत् असलेल्या पृथ्वीला हेच विशेषण लावले आहे. त्या काळी पृथ्वी काम चुकवीत होती असा त्याचा अभिप्राय खासच नव्हता. त्याच वाक्यात जोडीला त्याने दुसरे विशेषण वापरले, ते आजच्या ‘एम्प्टी’ या शब्दाचा पूर्वज. आणि मौज अशी की आज जो शब्द केवळ रित्या भांड्याला लावतात त्याचा मूळ अर्थ सवड असलेला, कामातून मोकळा असा होता, इतकेच नव्हे तर अविवाहित पुरुषालाही तो लावीत. (आपल्याकडे ‘सडा’ माणूस तो हाच.) म्हणजे शेजारी बसलेल्या या दोन शब्दांनी शतकांच्या ओघात एकमेकांच्या जागा घेतल्या: जो रितेपणाचा होता तो माणसाच्या अंगाला चिकटला, आणि जो माणसाचा होता तो भांड्यात जाऊन बसला. जर्मन भाषेत याच कुळातला ‘आइटेल’ हा शब्द पोकळ ऐट मिरवणाऱ्याला लावतात. इंग्रजीत मात्र पोकळ या अर्थावरून निष्फळ, निष्फळावरून निरुद्योगी आणि निरुद्योगीवरून आळशी अशी उतरंड लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्यावर, चाक न फिरवता जागच्या जागी धडधडणाऱ्या इंजिनालाही हाच शब्द मिळाला. रिक्षावाल्यांच्या तोंडी तो आजही आहे. गाण्याच्या स्पर्धांमुळे घरोघर पोहोचलेला ‘आयडॉल’ याहून अगदी निराळा, ग्रीक भाषेतून आलेला; देवनागरीत दोहोंमध्ये अंतर काय ते अर्धचंद्र ल्यालेल्या एका कान्याचे आहे, आणि फलाटावरच्या कलकलाटात तेवढेही ऐकू येत नाही.

मराठीत या सगळ्या उतरंडीला एकच शब्द पुरतो, आणि तो म्हणजे ‘रिकामा’. हंडा रिकामा, खोली रिकामी, हात रिकामे आणि माणूसही रिकामा. संस्कृत ‘रिक्त’शी नाते सांगणारा हा शब्द एकाच वेळी पात्राचा आणि माणसाचा आहे, हे मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या १८३१ च्या कोशात आणि १८५७ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पाहावे. पण मराठीने या शब्दाला पूर्णपणे शिवीच्या पंक्तीस बसवलेले नाही. “सध्या रिकामा आहे” असे सांगणारा माणूस स्वतःला दूषण देत नसतो. दूषण द्यावयाचे झाल्यास आपण ‘रिकामटेकडा’ असा स्वतंत्र शब्द घडवला आहे, आणि उपहासच करावयाचा तर भिंतीला तुंबड्या लावणारा तो न्हावी आहेच. त्या म्हणीकडे नीट पाहिले तर न्हावी आळशी मुळीच नाही. गिऱ्हाईक आलेले नाही, आणि हात स्वस्थ बसत नाहीत, एवढाच त्याचा अपराध.

जमिनीच्या बाबतीतही आपल्या महसुली दप्तराने असाच विवेक राखलेला दिसतो. ‘पडीक’ या शब्दात निंदेची छटा आहे खरी. परंतु ठाणे जिल्ह्यात, आणि डोंबिवलीच्या आसपास जेथे आज सातमजली इमारती उभ्या आहेत त्या शिवारातही, भातखाचरांच्या वरच्या अंगाला असलेल्या हलक्या जमिनीला ‘वरकस’ म्हणत. या जमिनीत एकदोन वर्षे नाचणी, वरी असले धान्य घ्यावयाचे आणि मग तिला काही वर्षे टाकून द्यावयाचे, असा क्रम असे. टाकलेल्या त्या वर्षांत तिच्यावर गवत माजे, झुडपे वाढत, आणि तेच गवत व टहाळ उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेवर पसरून जाळीत; त्याला ‘राब’ म्हणतात. खालच्या खाचरातले भात अशा रीतीने वरच्या रिकाम्या जमिनीच्या बळावर उभे राही. इंग्रज जमाबंदी अधिकाऱ्यांना सारा ठरवताना या जमिनीचे काय करावे हा पेच पडला यात नवल नाही. कारण तिचे उत्पन्न तिच्यात दिसतच नव्हते.

फारसीतून आलेल्या शब्दांचे प्रकरण हे या संग्रहातील सर्वांत रसाळ प्रकरण आहे, आणि वाचकाने पाने उलटीत प्रथम तेथे जावे अशी माझी शिफारस आहे. त्यांतला ‘ऐदी’ हा शब्द तर एखाद्या बखरीच्या तोलाचा. अकबर बादशहाच्या पदरी ‘अहदी’ नावाचे शिपाई असत; ‘अहद’ म्हणजे एक, एकटा, आणि हे कोणाही मनसबदाराच्या पथकात न मोडता एकेकटे थेट बादशहाच्या चाकरीत असत. त्यांचा दर्जा मोठा, तनखा चांगला, आणि हुकूम झाल्यावाचून कामास हात लावण्याचे कारण नाही. खास प्रसंगी पाठवले म्हणजे जावे, एरवी बसून खावे. या बसून खाण्यावरच लोकांची नजर राहिली, आणि बादशहाच्या विश्वासातल्या शिलेदाराची पदवी दक्षिणेत येईतो आळशी पोराला आई ज्या शब्दाने सकाळी उठवते तो शब्द होऊन बसली. ‘सुस्त’ हाही त्याच भाषेतला. तेथे त्याचा अर्थ दुबळा, ढिला. ‘बेकार’ची कथा अधिक दुःखद आहे. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘कार’ म्हणजे काम. ज्याच्यापाशी काम नाही तो बेकार, एवढाच या शब्दाचा सरळ हिशेब. परंतु मराठीने त्याला नासलेल्या दुधापासून पडलेल्या नाटकापर्यंत जे जे वाईट ते ते चिकटवले, आणि आता एखाद्याला बेकार म्हटले तर त्याची नोकरी गेली आहे की अब्रू, हे मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवावे लागते. ‘निकामी’चेही तेच झाले.

माझे म्हणणे या ठिकाणी थोडक्यात मांडून ठेवतो, कारण संग्रहकर्त्यांनी ते जागोजागी सूचित केले असले तरी उघड कोठे लिहिलेले नाही. काम करावयाचे नाही, काम मिळत नाही आणि काम झाले आहे, या तीन अवस्था परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. आणि ज्याच्या हाती दौत-लेखणी आणि कायदा असतो तो नेहमी या तिन्हींना एकाच शब्दात कोंबू पाहतो, आणि तो शब्द पहिल्या अवस्थेचा असतो.

इंग्लंडात १८२४ साली भटक्यांविषयी जो कायदा झाला त्यात गुन्हेगारांचा पहिलाच वर्ग ‘आयडल आणि बेशिस्त इसम’ असा आहे. धडधाकट असून स्वतःचे व कुटुंबाचे पोट भरण्याची हयगय करणारा या वर्गात पडे आणि कैदेस पात्र होई. आपल्याकडे हा विचार इंग्रजांबरोबर आला, पण त्यांच्याबरोबर गेला नाही. स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने भीकप्रतिबंधक कायदा केला. त्यात भीक मागणे या क्रियेच्या व्याख्येत प्रत्यक्ष याचना तर आहेच. पण उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक जागी हिंडणे किंवा नुसते थांबणेही आहे, आणि पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवण्याची तरतूद आहे. ‘दृश्य साधन’ हा शब्दप्रयोग मला मोठा विलक्षण वाटतो. सकाळी आठ वाजता कोणत्याही मजूर नाक्यावर उभे राहून पाहावे: गवंड्याच्या पिशवीतून थापीची मूठ डोकावत असते, रंगाऱ्याच्या हाती ब्रश असतो, प्लंबर आपला पाना खांद्यावर टाकून उभा असतो; त्यांचे साधन दृश्य आहे. बिगाऱ्यापाशी दोन हातांखेरीज काही नसते. दहापर्यंत मुकादमाने उचलले नाही तर तो घरी परततो आणि बायकोला सांगतो, “आज काम नाही लागलं.”

‘काम लागणे’ या प्रयोगाला संग्रहकर्त्यांनी दीड पान दिले आहे, आणि ते मला थोडेच वाटले. नोकरी लागते, काम लागते, नंबर लागतो. कर्ता काम आहे, माणूस नव्हे. आपला शब्दसंग्रह बेकाराला दोष देण्यास उतावीळ असला तरी आपले व्याकरण त्याच्या बाजूने साक्ष देते, आणि ती साक्ष रोज सकाळी लक्षावधी तोंडांतून दिली जाते.

कायद्याने ती एकदा मान्यही केली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर माणसांची जी रीघ लागली तिच्याकडे पाहून ही माणसे आळशी आहेत असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी काही वर्षे आधीपासून मनाशी घोळवलेली रोजगार हमीची कल्पना याच सुमारास राज्यभर लागू झाली, तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जो ग्रामीण प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यावयाचे, आणि मुदतीत दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावयाचा, म्हणजे रिकामपणाचा दोष माणसाकडून सरकारकडे वळता करावयाचा, ही गोष्ट जगाच्या पाठीवर त्या काळी अपूर्वच होती. या योजनेचा पैसा कोठून आला हे डोंबिवलीच्या चाकरमान्यांना सांगणे माझे कर्तव्य आहे. त्यांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा दोनशे रुपये कापले जातात, आणि फेब्रुवारीत, वर्षाची अडीच हजारांची बेरीज जुळावी म्हणून, तीनशे. त्या शंभर रुपयांविषयी दरवर्षी अकाउंट्स खात्याला कोणी ना कोणी विचारतोच. १९७५ साली बसवलेला हा कर रोजगार हमीसाठी होता. म्हणजे सकाळी साताच्या जलद लोकलमध्ये एका पायावर उभा असलेला कारकून कळत नकळत माणच्या किंवा आटपाडीच्या शेतमजुराच्या रोजीचा वाटेकरी होता.

कारखान्यांच्या जगात मात्र रिकामपणाला प्रमाणपत्र लागे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जे प्रकरण घातले गेले त्यान्वये मालाच्या, कोळशाच्या वा विजेच्या टंचाईमुळे काम देता आले नाही तर कामगाराला ‘ले-ऑफ’च्या दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता यांचा निम्मा मोबदला मिळे, पण त्यासाठी त्याने दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी कारखान्यात हजर होणे आवश्यक असे. काम नाही हे ठाऊक असता, काम नाही हे ऐकण्यासाठी डबा घेऊन यावयाचे, सही करावयाची आणि परत जावयाचे. संग्रहकर्त्यांनी अशा सह्यांचे कागद वर्षानुवर्षे सांभाळले असल्यामुळे ‘खाडा’, ‘बिनपगारी’, ‘सी-ऑफ’, ‘बदली’ आणि ‘ले-ऑफ’ यांमधले बारकावे त्यांनी जसे उलगडून दाखवले आहेत तसे कोणा भाषाशास्त्र्याला जमले नसते. टाळेबंदीविषयी त्यांनी हात आखडता घेतला आहे. कल्याणजवळ मोहोने येथील नॅशनल रेयॉनच्या कारखान्याला २००९ साली टाळे लागले, तेव्हा एक वसाहतच्या वसाहत रिकामी झाली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरण्यांचा संप तर रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि सुमारे अडीच लक्ष माणसांच्या रिकामपणाला ‘संप’ म्हणावे की ‘बेकारी’, हे कोणत्या तारखेपासून बदलले ते सांगता येत नाही. २०२० मध्ये ‘टाळेबंदी’ हाच शब्द अख्ख्या देशाला लावला गेला, तेव्हा तो मुळात मालकाने कामगारांविरुद्ध उचलावयाच्या शस्त्राचा आहे, याची आठवण फारच थोड्यांना होती.

तिसरी अवस्था विश्रांतीची. तिच्यासाठी आपण दोन शब्द वापरतो आणि दोहोंचा जन्म निराळ्या बापाच्या घरी झालेला आहे. ‘सुट्टी’ सुटण्यातून आली. ‘रजा’ अरबीतून, आणि तेथे तिचा अर्थ संमती, राजीखुशी. रजा म्हणजे धन्याच्या मर्जीने मिळालेला मोकळेपणा. इंग्रजीतील ‘लेझर’ हा शब्दही परवानगी असणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला आहे, तेव्हा मोकळ्या वेळाला धन्याचा शिक्का लागण्याची रीत सार्वत्रिक दिसते. आठवड्याच्या सुट्टीचे मात्र तसे नाही. ती मागून घ्यावी लागली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सह्यांचा अर्ज केला, आणि सहा वर्षे तो विषय लावून धरल्यावर १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवार मोकळा ठेवण्याचे कबूल केले. रविवारी दुपारी दोन वाजता फडके रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत जी शांतता असते तिची पहिली मागणी नोंदली गेली ती अशी. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ज्या गावात राहिले, २०१७ च्या फेब्रुवारीत जेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन भरले, त्या गावातील ग्रंथसंग्रहालये, नाट्यमंडळे आणि व्याख्यानमाला या रविवारच्याच जोरावर चालत आलेल्या आहेत. कारण उरलेल्या सहा दिवसांत डोंबिवली हे बहुसंख्य डोंबिवलीकरांचे केवळ निजण्याचे ठिकाण असते.

संग्रहात एक मोठी उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. स्त्रियांच्या रिकामपणाचे शब्द यात जवळजवळ नाहीत. “काय करते?” या प्रश्नाला “काही नाही, घरीच असते” असे जे उत्तर घरोघर दिले जाते ते कोणत्या सदरात घालावे? जनगणनेत तर केवळ घरकाम करणारी स्त्री अद्याप ‘काम न करणारी’ या सदरात मोडते. गणना करणारा कर्मचारी तिनेच केलेला चहा पिऊन ही नोंद करून जातो. संध्याकाळी सहाच्या पुढे मुंबईहून सुटणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, देठे एका पिशवीत आणि पाने दुसरीत जातात, आणि ठाणे सुटेतो रात्रीची भाजी फोडणीला टाकण्यास तयार असते; कचेरी आणि घर यांमधल्या त्या तासाला टाइम ऑफिसचा शब्द लावला तर तो ‘आयडल’च. डोंबिवलीत गल्लोगल्ली जी पोळी-भाजी केंद्रे आहेत त्यांतल्या कित्येक पोळ्या “घरीच असते” म्हणणाऱ्या हातांनी लाटलेल्या असतात. संग्रहकर्ते म्हणतात की हे शब्द पुरुषांच्या हजेरीपटात नव्हते. ते खरे आहे. पुढील आवृत्तीसाठी वाचक भगिनींनी ते पाठवावेत.

आणखी एका शब्दावरून आमचा मतभेद झाला, तो ‘स्वस्थ’. स्वतःच्या ठायी स्थिर असलेला तो स्वस्थ. हिंदीत त्याचा अर्थ निरोगी असा झाला आणि मराठीत शांत, निश्चल असा. समर्थांनी दासबोधात आळसाला करंटेपणाच्या लक्षणांत गोवले हे मला मान्य आहे; परंतु आळस निराळा आणि स्वस्थता निराळी. असे असता संग्रहकर्त्यांनी ‘स्वस्थ’ला ‘सुस्त’ आणि ‘ऐदी’ यांच्या मध्ये, आळसाच्या प्रकरणात, बसवले आहे. मी त्याला विश्रांतीच्या प्रकरणात ‘निवांत’च्या शेजारी हलवावे असा आग्रह धरला, व्युत्पत्ती दाखवली, पत्रेही लिहिली. त्यांचे उत्तर असे की, अख्ख्या चाकरीत हा शब्द त्यांनी “स्वस्थ बसू नका” या एकाच वाक्यात ऐकला, आणि तो ज्या आवाजात ऐकला तो आवाज विश्रांतीच्या प्रकरणात शोभणारा नव्हता. तेव्हा तडजोड झाली ती अशी की, संग्रहात हा शब्द त्यांच्या जागी राहील, आणि माझी हरकत प्रस्तावनेत नोंदली जाईल.